चौथा रकाना

चार रकान्यांचा तक्ता दिसला की माझ्या तोंडाला अजून कडू चव येते. मी धुळ्यात एका स्वयंसेवी संस्थेत प्रकल्पांचं नियोजन आणि मूल्यमापन करतो, त्यामुळे तो तक्ता दिवसातून दहा वेळा बघावा लागतो. बायको म्हणते, पित्त वाढलंय, ओवा खात जा. पित्त नाही. शिसारी आहे. थोडी त्या तक्त्याची आणि बरीचशी माझी स्वतःची.

ज्यांनी हा तक्ता कधी पाहिला नाही ते भाग्यवान, तरी सांगून ठेवतो. पहिल्या रकान्यात काय करायचं आणि कशासाठी, ते लिहायचं. दुसऱ्यात, ते झालं हे कशावरून ओळखायचं. त्याला आम्ही निर्देशक म्हणतो. तिसऱ्यात पुरावा, म्हणजे रजिस्टर, फोटो, सह्या. आणि चौथ्यात गृहीतकं. म्हणजे ज्या गोष्टी आपण करणार नाही, पण त्या आपल्या आपण नीट होतील असं धरून चाललो आहोत, अशा सगळ्या गोष्टी.

तक्ता मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. माझे वडील सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे माल भरून देण्याचं काम करायचे. कुणी बागेचा सौदा घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, बागेपासून डांबरीपर्यंत ट्रक येतो का? मधे चिखल आहे का, कुणाचा बांध आडवा आहे का? घड किती भरलेत, जात कोणती, हे नंतर. कापलेली केळी थांबत नाहीत, म्हणून आधी वाट बघायची. वडिलांनी आयुष्यात तक्ता पाहिला नाही, पण चौथा रकाना ते सगळ्यात आधी विचारायचे. आम्ही शिकले-सवरलेले लोक तो सगळ्यात शेवटी भरतो, जेवण झाल्यावर.

हे मी उगाच म्हणत नाही. मी सांगतोय त्या प्रकल्पात चौथ्या रकान्याची पाळी खरोखरच जेवण झाल्यावर आली. जळगावच्या एका हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा होती. हॉल इतका थंड की बाहेर मे महिना आहे यावर विश्वास बसू नये. भिंतीवर खाकी कागद लावले होते, आम्हाला रंगीत कार्डं वाटली होती, आणि साक्री तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवरच्या गरोदर बायकांच्या अडचणी आम्ही त्या कार्डांवर लिहून चिकटवत होतो. हॉलमध्ये एकही गरोदर बाई नव्हती. साक्री तालुक्यातलं माणूस म्हणाल तर आमच्या जीपचा ड्रायव्हर, आणि तो खाली पार्किंगमध्ये झोपला होता.

कार्डांवर आलं ते असं: जनजागृतीचा अभाव, अंधश्रद्धा, पोषणाविषयी अज्ञान. सगळा दोष बायकांच्या डोक्यात. उपाय अर्थात त्यांच्या डोक्यात काहीतरी भरण्याचा. म्हणून बैठका, चित्रांचे तक्ते, आणि प्रत्येक पाड्याच्या तोंडाशी एक मोठा लोखंडी फलक, ‘सुरक्षित मातृत्व’ असं लिहिलेला. निर्देशक ठरला: नोंद झालेल्या गरोदर बाईच्या उपकेंद्रात चार तपासण्या झाल्या की नाही. पुरावा: उपकेंद्राचं रजिस्टर आणि फलकाचा फोटो. मग भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, आणि डोळे जड झालेले असताना प्रशिक्षक म्हणाले, चला, गृहीतकं राहिली. जे आपल्या हातात नाही ते तिथे टाका. तो रकाना मी रिकामाच ठेवला. मला काही सुचत नव्हतं, आणि झोप येत होती.

तक्ता झाल्यावर आम्ही लोकांना विचारायला गेलो. हा क्रम चुकून उलटा झालेला नाही, तो तसाच असतो. लोकांना विचारलं याचा फोटो प्रस्तावाला जोडावा लागतो.

पाडा साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात होता. जीप नाल्यापर्यंत जायची. नाल्याच्या अलीकडे रस्ता, उपकेंद्र, शाळा, बाजाराची वाट. पलीकडे पाडा. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसते दगड, त्यामुळे आम्ही टणाटण उड्या मारत पलीकडे गेलो आणि मधे नाला होता हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. बायका एका आंब्याखाली बसल्या होत्या. मी जमिनीवर खडूने चौकोन काढले, प्रत्येकात एक चित्र ठेवलं, आणि प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके दिले. जी अडचण मोठी वाटते त्या चौकोनात जास्त चिंचोके टाकायचे, एवढाच खेळ. बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, आणि पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्या चौकोनांत थोडे थोडे टाकत होत्या.

एक म्हातारी उठली. तिला सगळे अक्का म्हणत. पाड्यातली बाळंतपणं तीच करायची. तिने माझे चौकोन ओलांडले, हाताच्या काठीने मातीत एक लांब वाकडी रेघ ओढली, आणि सगळेच्या सगळे चिंचोके त्या रेघेवर ओतले.

मी विचारलं, हे काय आहे अक्का?

‘‘नाला शे,’’ ती म्हणाली. ‘‘दवाखाना चांगला शे, नर्सबाई चांगली शे. पन तो नालाना पल्याड शे. पावसायामा कसं जावानं? आमले नालावर पूल जोयजे.’’

माझी सावद्याकडची बोली वेगळी. अक्काची अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. मी कचेरीच्या मराठीत तिला समजावलं की बांधकाम आमच्या प्रकल्पात बसत नाही. तिने शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. तरणी पोर, डोक्यावर पदर, नजर खाली. ‘‘मनी सूनना पहिला पोऱ्या तठेच गया. काठवर.’’ एवढंच बोलली आणि खाली बसली. मागच्या पावसाळ्यात सुनेला कळा लागल्या, नाला भरलेला, पाणी उतरायची वाट बघत काठावरच बाळंत झाली, आणि मूल राहिलं नाही. हे मला बाकीच्या बायकांनी सांगितलं. अक्काला मोठा पूल नको होता. नाला एका ठिकाणी दोन खडकांमधून जातो, तिथे चार माणसं झोपतील एवढीच रुंदी आहे. तिथे चालता येईल असं काहीतरी हवं होतं. सुनेचं पुढचं बाळंतपण तरी उपकेंद्रात व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

मी धुळ्याला परत आलो आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं: ‘पावसाळ्यात पाड्यांचे दळणवळण सुरळीत राहील.’

आमच्या प्रमुखांनी ते वाचलं आणि म्हणाले, वा, हे गृहीतक अगदी क्षेत्रातून आलेलं वाटतं. मला बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण त्या वेळी मला खरंच बरं वाटलं होतं. बाईने जी एकच गोष्ट मागितली ती आपण आपल्या अंगावरून काढून चौथ्या रकान्यात टाकली, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण रकाना नीट भरला होता.

प्रकल्प मंजूर झाला. सगळ्यात आधी फलक आला. आमच्याकडे कामाला उशीर झाला तरी चालतो, फलकाला होत नाही. जाड पत्रा, मागे लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, दोन भक्कम खांब, आणि पुढे निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षित मातृत्व’. शेजारी बाळाला कुशीत घेतलेली एक गोरीपान आई, जिच्यासारखी बाई त्या डोंगरात मी तरी पाहिली नाही. फलक नाल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला रोवला. मंजुरीत ‘दर्शनी भागात’ असं लिहिलं होतं, आणि दर्शनी भाग म्हणजे जीपमधून उतरणाऱ्याला दिसेल असा भाग.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी गेलो तेव्हा फलक जागेवर नव्हता. मी आधी चरफडलो. मग खाली नाल्याकडे बघितलं. खडकांच्या चिंचोळ्या जागी पाड्यातल्या माणसांनी वाळलेल्या झाडांची दोन खोडं आडवी टाकली होती, त्यांवर आमचा फलक पालथा घातला होता, आणि सगळं तारेने घट्ट आवळून टाकलं होतं. लोखंडी पट्ट्या वर आल्यामुळे पायाला पकड मिळत होती, ओल्यातही पाय घसरत नव्हता. खालून गढूळ पाणी चाललं होतं आणि वरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन बिनघोर चालत आली.

अक्का पलीकडे उभी होती. मी गंमत म्हणून विचारलं, फलक पालथा का घातला? तिला माझा प्रश्नच कळला नाही, इतकं ते तिच्या दृष्टीने उघड होतं.

‘‘त्यावर लिखेल शे ना भाऊ. लिखेलवर पाय कसा देवाना?’’

अक्काला वाचता येत नाही. पाड्यात निम्म्यांना येत नाही. पण कागदाला चुकून पाय लागला तर ही माणसं वाकून हात लावतात आणि कपाळाला नेतात. आमच्या निळ्या अक्षरांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी एवढा जड पत्रा उलटा करून बांधला होता. त्या अक्षरांची एवढी राखण आमच्या संस्थेत कुणी केलेली मला माहीत नाही.

सून पुन्हा गरोदर होती. त्या पावसाळ्यात ती फलकावरून तपासणीला जायची, परत यायची. चारही तपासण्या झाल्या. एका भेटीत मी तिला नाला ओलांडताना पाहिलं, एक हात पोटावर, एक अक्काच्या खांद्यावर. मला बघून ती पहिल्यांदा हसली. आमच्या सगळ्या प्रकल्पात खरं काम केलेली वस्तू एकच होती, आणि ती आम्ही केलेली नव्हती. मी हे कार्यालयात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर फलकाचं विचारतील, एवढी अक्कल मला होती. अक्काचं मूल्यमापन बरोबर होतं आणि माझं चुकीचं, हेही सांगावं लागलं असतं, ते वेगळं.

पोळ्याला आठवडा राहिला असताना बाहेरून मूल्यमापन करणारे साहेब आले. पायात कोरे करकरीत बूट, हातात यादी. आमचे प्रमुख त्यांच्यापुढे नुसते लवत होते. उपकेंद्राचं रजिस्टर बघून साहेब खूश झाले. सुनेच्या नावापुढच्या चार खुणांवर त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, जागृती झालेली दिसते. मी रजिस्टरचं पुढचं पान उलटून दिलं. मग त्यांनी यादीवरची पुढची ओळ वाचली. फलक कुठे आहे?

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली नाल्याकडे बोट केलं आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, साहेब निदान हसतील. मला तर वाटलं होतं, ते खूशच होतील. लोकांनी स्वतः काही करणं याला आमच्याकडे एक रकाना आहेच. साहेब म्हणाले, पण अक्षरं दिसत नाहीत. फोटोत अक्षरं दिसायला हवीत, आणि फलक मंजूर जागेवर हवा, फोनमध्ये ठिकाणाची नोंद येते. शिवाय दोन दिवसांनी निधी देणाऱ्यांची माणसं याच रस्त्याने जाणार होती. प्रमुख म्हणाले, मग काढा आणि उभा करा. त्यात काय एवढं?

पाड्यातले पुरुष पिंपळनेरकडे मजुरीला गेले होते. ड्रायव्हरने पक्कड आणली आणि तार तोडली. मी, ड्रायव्हर आणि दोन म्हातारे, आम्ही तो फलक ओढून वर आणला, धुतला, खांबाला आवळला, बुडाशी सिमेंट ओतलं. मीही हात लावला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे अहवालात ‘काढण्यात आला’ असं आलं आहे, जणू तो आपणहून निघाला.

अक्का पलीकडच्या काठावरून सगळं बघत होती. सून तिच्या मागे, पोट पुढे आलेलं. मधे आता नुसती दोन सुटी खोडं.

‘‘परत ठेवी देशात ना भाऊ?’’

मी म्हणालो, परवा. मी स्वतः येतो आणि ठेवतो, अक्का.

तिने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, याचा मला आजही राग येतो. शिव्या दिल्या असत्या तर निदान मला धाक राहिला असता.

परवा मी गेलो नाही. निधी देणाऱ्यांची माणसं त्या रस्त्याने गेलीच नाहीत, त्यांनी धुळ्यातच सादरीकरण ठेवलं, आणि पडद्यावर दाखवायचे तक्ते मला करायचे होते. मी फलकाच्या फोटोच्या कडा कापून तो सुबक करत होतो. बाहेर दुपारपासून पाऊस लागला होता आणि साक्रीकडे जास्त आहे असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं. उद्या जाऊ, असं मनात म्हणालो आणि फोटोवरचा मजकूर थोडा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईचा फोन आला. आशाताई म्हणजे त्या भागातली आरोग्य कार्यकर्ती. नीट, शांत बोलणारी बाई. तिने क्रमाने सांगितलं. आदल्या दुपारी सुनेला कळा लागल्या. अक्का तिला घेऊन नाल्यापाशी आली. तार तोडलेली, खोडांना धरून ठेवायला काही नाही. एक खोड पाण्याने केव्हाच नेलं होतं. पाणी छातीपर्यंत. अलीकडे आशाताई आणि उपकेंद्राची नर्सबाई उभ्या होत्या, हाका मारत होत्या, आणि पलीकडे सून ओल्या दगडांना टेकून बसली होती. मधे चार माणसं झोपतील एवढं पाणी. मूल आडवं होतं. अक्काने तिला येत होतं ते सगळं केलं. सून वाचली. मूल वाचलं नाही.

‘‘समोर तुमचा बोर्ड होता, सर,’’ आशाताई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती फक्त कुठे काय होतं ते सांगत होती. ‘‘ती सगळा वेळ त्याच्याकडेच तोंड करून बसली होती.’’

मी प्रमुखांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, अरेरे म्हणाले, आणि मिनिटभराने विचारलं, तिच्या तपासण्या चार झाल्या होत्या ना? झाल्या होत्या. मग आपला निर्देशक पूर्ण आहे, ते म्हणाले. आणि खरंच होता. निर्देशकात तपासण्या होत्या, मूल नव्हतं. रजिस्टरमध्ये ती बाई आमचं यश म्हणून नोंदलेली आहे, अजूनही. एवढ्या पुरात तो पत्र्याचा सांगाडा कसाही वाहूनच गेला असता, असंही ते म्हणाले. आषाढाचे सगळे पूर त्या सांगाड्याने डोक्यावरून जाऊ दिले होते.

अंतिम अहवालात मात्र काहीतरी लिहिणं भाग होतं, कारण आशाताईने तालुक्याला कळवलं होतं. प्रमुख म्हणाले, तक्त्यात त्याची सोय आहे. होतीच. चौथ्या रकान्यात, माझ्याच वाक्यापुढे मी टाइप केलं: ‘गृहीतक खरे ठरले नाही.’ चार शब्द. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या टप्प्यासाठी प्रकल्प वाढवून मिळाला.

मी नोकरी सोडली असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडली नाही. मुलीचं शिक्षण आहे, घर आहे, आणि बाकीच्या संस्थांतही हाच तक्ता आहे. एवढं केलं की दिवाळीनंतर एकदा, रजा टाकून, बसने साक्रीला आणि तिथून मिळेल त्या गाडीने पाड्यावर गेलो. जाऊन काय करणार हे ठरवलं नव्हतं. बहुधा फलक काढून देणार होतो, दहा-अकरा आठवडे उशिरा.

रस्त्याच्या कडेला सिमेंटचे दोन फुटके गड्डे होते. सिमेंट घणाने फोडून कुणीतरी फलक काढून नेला होता. खाली उतरलो. नव्या जाड खोडांवर तो पुन्हा बांधला होता, या वेळी तारेचे दुप्पट वेढे देऊन. आणि अक्षरं वर होती.

‘सुरक्षित मातृत्व’ यातलं ‘सुरक्षित’ अजून वाचता येत होतं, चिखल आणि टाचांच्या खुणांखालून. ‘मातृत्व’ जवळजवळ पुसलं गेलं होतं. त्या गोऱ्या आईचं तोंड राहिलं नव्हतं. पट्ट्या आता खालच्या बाजूला गेल्या होत्या आणि पत्रा गुळगुळीत झाला होता, म्हणजे पायाला पूर्वीपेक्षा वाईट. तरीही त्यांनी तो असाच घातला होता.

पलीकडे अक्का नागली झोडत होती. मला बघून तिने हातातलं काम ठेवलं आणि काठावर आली. सून कुठे दिसली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी फलकापाशी थांबलो, आणि का कोण जाणे, बूट काढायला वाकलो.

‘‘ऱ्हाऊ द्या भाऊ,’’ ती पलीकडून म्हणाली. ‘‘आते बठ्ठा लोक तसाच चालतस.’’

मी बुटांसकट त्या अक्षरांवरून चालत पलीकडे गेलो.